गाडीत पाणी शिरलं तर: कार्पेटखालचा फोम कसा सुकवावा

एका पावसाळ्यात आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागलं. चार दिवसांची झड नुकती थांबली होती आणि गाडी नेहमीप्रमाणे घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभी होती. काच थोडी उघडी राहिली असेल असं मी धरून चालले. टॉवेलने टिपलं, दोन दिवस दारं उघडून ऊन दाखवलं, कापड कोरडं झालं. आठवडाभराने कुबट वास सुटला. एका दुकानात आतली सफाई करून घेतली. तिथे वरून शाम्पू, वरून व्हॅक्युम आणि शेवटी सुगंधी फवारा एवढंच झालं. नवरात्राच्या सुमारास सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा उघडझाप करू लागलं, तेव्हा कुठे मी गाडी चौकातल्या मेकॅनिककडे नेली. त्याने दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली, कार्पेटखाली हात घातला आणि म्हणाला, "ताई, वरून काय पाहून राहिल्या? पाणी तं खाली राहते." त्याने मुठीत दाबलेल्या फोममधून पाण्याची धार लागली. दोन महिन्यांपूर्वीचं पाणी होतं ते. तोवर सीटच्या बोल्टाभोवती गंज धरला होता आणि वायरिंगच्या एका जोडावर हिरवट थर चढला होता.

तेव्हापासून घरच्या आणि शेजारच्या मिळून चार गाड्या मी स्वतः बसून सुकवल्या. त्यातून जे हाताला कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

फोम किती पाणी धरतो

गाडीचं कार्पेट म्हणजे नुसतं वर दिसणारं कापड नव्हे. त्याच्या पाठीला आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी फोमचा किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. कुठे तो एक सेंटीमीटरचा, कुठे तीन-चार सेंटीमीटरचा. पायाखालची ६० बाय ५० सेंटीमीटरची जागा आणि २ सेंटीमीटर जाडी धरा. तेवढ्या फोमचं आकारमान ६ लिटर होतं. तो निम्मा जरी भिजला तरी ३ लिटर पाणी. वर कापड, खाली पत्रा, पत्र्याला आवाज मारणाऱ्या डांबरी शीट चिकटवलेल्या, त्यामुळे पाण्याला खाली वाट नाही आणि वरून वारा लागत नाही. वरचं कापड एका उन्हात सुकतं, खालचा थर महिनोन्‌महिने तसाच राहतो. शिवाय पाणी उताराने सरकतं. गळती पुढे असली तरी डबकं मागच्या सीटच्या पायाशी सापडू शकतं. म्हणून ओल जिथे लागली तिथेच थांबू नका, चारही कोपरे दाबून बघा.

आधी पाण्याची ओळख पटवा

सुकवायला हात घालण्याआधी पाणी कोणतं आहे ते बघावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पांढरा कागदी रुमाल कार्पेटवर जोरात दाबा आणि उजेडात धरा.

पाणी स्वच्छ, बिनवासाचं आणि ओल फक्त डाव्या पुढच्या बाजूला असेल, पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर वाढत असेल, तर एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली आहे. दमट दिवसांत एसीच्या कॉईलवर बरंच पाणी जमतं आणि ते नळीतून गाडीखाली ठिबकायला हवं. आपण ते रोज बघतो. ते ठिबकणं थांबलं असेल तर पाणी आत चाललं आहे. या नळीच्या तोंडाशी कुंभारीण मातीचं घर करते, तेही एक कारण असतं.

रुमालावर मातकट डाग, पानांचे तुकडे दिसले तर पावसाचं पाणी. पाणी हिरवट किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत आणि वास गोडसर असेल तर ते रेडिएटरचं कूलंट आहे, हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. काचेवर आतून तेलकट धुकं येणं ही त्याची दुसरी खूण. कूलंट विषारी असतं. लहान मुलं आणि कुत्री-मांजरी त्यापासून लांब ठेवा आणि हीटर दुरुस्त होईपर्यंत सुकवायच्या भानगडीत पडू नका.

चौथा प्रकार पुराच्या पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरला, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. ते पाणी गटाराचं असतं. त्यात भिजलेला फोम सुकवून परत वापरू नये, तो फेकून नवा टाकावा. आणि पाणी सीटच्या बैठकीपर्यंत आलं असेल तर गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चावीसुद्धा न फिरवता फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या. पाणी भरलं असताना चालू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. नरेंद्रनगरच्या अंडरपाससारख्या जागी गाडी बंद पडली तरी हेच.

इथून पुढचं सगळं पावसाच्या किंवा एसीच्या स्वच्छ पाण्याबद्दल आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत भगव्या रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे घ्या, त्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपलाच द्या.

पहिला तास

बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, म्हणून पहिला दिवस वाया घालवू नका.

रबरी मॅट बाहेर काढा. त्या पाणी अडवत नाहीत, उलट खालची ओल झाकून ठेवतात. सीटखालचं, डॅशमधलं, डिक्कीतलं सगळं सामान काढा. स्टेपनीच्या खड्ड्यात हमखास पाणी असतं, तिथे बघा.

मग सीट विजेवर सरकणाऱ्या असतील तर त्या पुढे-मागे करून बोल्ट दिसतील अशा ठेवा, कारण नंतर ते जमणार नाही. चावी बंद करून काढून घ्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह, म्हणजे काळं टोक १० नंबरच्या पान्याने सोडवा. आधी निगेटिव्हच. रेडिओला कोड लागत असेल तर तो कागद आधी हाताशी ठेवा. टोक सोडवल्यावर निदान १५ मिनिटं काही उघडू नका. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे. त्यांच्यातली साठवलेली वीज उतरायला हा वेळ लागतो. पिवळा कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि तो स्कॅनरनेच विझवावा लागतो.

आता पाणी ओढायचं. घरचा साधा व्हॅक्युम क्लीनर यासाठी नको, त्याची मोटर जळेल आणि विजेचा झटकाही बसू शकतो. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम हवा, आणि तो शहरातल्या बहुतेक वॉशिंग सेंटरवर असतो. गाडी तिथे न्यायची असेल तर बॅटरीचं टोक परत आल्यावरच सोडवा. तिथे गेल्यावर 'क्लीनिंग' सांगू नका, 'फक्त पाणी ओढून द्या, शाम्पू नको' असं स्पष्ट सांगा. नळीचं तोंड कार्पेटवर दाबून धरा आणि शेजारी गुडघ्याने वजन द्या. फोम दबला की पाणी वर येतं. एका जागी निदान अर्धा मिनिट. डबा किती भरला ते मोजा. आमच्या गाडीतून एका बाजूने सव्वादोन लिटर निघालं होतं, आणि मला वाटत होतं की कार्पेट नुसतं दमट आहे.

व्हॅक्युम मिळालाच नाही तर जुने सुती टॉवेल किंवा धोतराच्या घड्या घालून त्यावर उभं राहा. पिळा, परत ठेवा, पुन्हा उभं राहा. वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण इथे काढलेला प्रत्येक लिटर पुढचा दीड दिवस वाचवतो. हवेने पाणी सुकवण्यापेक्षा ओढून काढणं केव्हाही सोपं.

कार्पेट उचला

बहुतेक लोक इथेच थांबतात, मीही थांबले होते. कार्पेट उचलल्याशिवाय गाडी सुकत नाही.

दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या क्लिपांवर बसवलेल्या असतात. एका टोकाला बोटं घालून सरळ वर ओढल्या की टकटक सुटत येतात. लोखंडी पेचकस घालू नका, प्लास्टिकला खाच पडते. जाड प्लास्टिकची पट्टी पुरते. पुढे डॅशखाली बाजूला एक तुकडा असतो, तोही याच पद्धतीने. मग कार्पेटची कड मोकळी होते.

ओल फक्त पायापाशी असेल तर सीट न काढताही कड वीतभर उचलून खाली लाकडी ठोकळा किंवा पाण्याची रिकामी बाटली आडवी सारता येते. पाणी सीटखाली गेलं असेल तर सीट काढा. चार बोल्ट असतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत १४ नंबरचे, काही युरोपीय गाड्यांत ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे. बोल्ट घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना घ्या. सीट थोडी मागे कलती करून खालचे कनेक्टर बघा, प्रत्येकाचा फोटो काढा, कुलूप दाबून सोडवा. वायर धरून ओढू नका. सीट जड असते. दोघांनी उचला, दाराच्या रंगाला लागू नये म्हणून चादर लावा. बोल्ट कागदी पाकिटात घालून कोणत्या कोपऱ्याचे ते वर लिहून ठेवा.

कार्पेट उचललं की आधी पत्रा बघा. साचलेलं पाणी फडक्याने टिपा. कार्पेटखालून जाणाऱ्या वायरच्या जुड्या आणि असेल तर इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे कंट्रोल युनिट, कोरडा आहे का ते पहा. काही गाड्यांत तो नेमका शेजारच्या सीटखाली किंवा पायापाशी असतो. भिजला असेल तर उघडायचा प्रयत्न न करता काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. भिजलेल्या कनेक्टरवर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि मोकळे सोडा. हिरवा थर दिसला तर मऊ ब्रशने घासा.

फोम कार्पेटपासून सुटा असेल तर नशीब समजा: बाहेर काढा, उताराला उभा करा, पाणी निथळू द्या. चिकटलेला असेल तर फाडू नका, कार्पेट दुमडून त्याची पाठ वर करा.

नागपूरच्या हवेत सुकवणं

बाहेरच्या देशांतल्या सूचना वाचून 'दोन दिवस उन्हात ठेवा' असं इथल्या ऑगस्टमध्ये केलं तर काहीच होत नाही. का, ते आकड्यांत बघा.

हवा किती पाणी उचलू शकते हे तिच्या तापमानावर आणि आधीच किती ओली आहे त्यावर ठरतं. झडीच्या दिवशी २७ अंशांवर ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत आधीच सुमारे २२ ग्रॅम बाष्प असतं आणि आणखी जेमतेम ४ ग्रॅम मावतं. ऑक्टोबरच्या दुपारी ३३ अंश आणि ५० टक्के असेल तर जवळपास १८ ग्रॅम मावतं. नवतपात ४५ अंश आणि १५ टक्के असताना तीच हवा ५५ ग्रॅम उचलते. म्हणजे मे महिन्यातली हवा ऑगस्टच्या हवेपेक्षा तेरा-चौदापट तहानलेली असते. गाडी भिजते मात्र ऑगस्टमध्येच. तेव्हा एकाच मार्गाने भागत नाही, मिळेल ती हवा भरपूर फिरवावी लागते किंवा आपणच तिला कोरडं करावं लागतं.

हवा फिरवायला आपल्याकडे घरोघरी एक यंत्र आहे: डेझर्ट कूलर. पावसाळ्यात तो गच्चीवर नाहीतर जिन्याखाली झाकून पडलेला असतो. टाकी पूर्ण रिकामी करून पुसा, पंपाची वायर काढा आणि तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या उतरवून ठेवा. जाळी ओली राहिली तर तो गाडीत ओल भरेल. आता उरतो मोठा पंखा, कुठल्याही टेबलफॅनपेक्षा कितीतरी जास्त हवा फेकणारा. तो एका मागच्या दारासमोर असा ठेवा की वारा उचललेल्या कार्पेटच्या *खाली* शिरेल आणि समोरच्या बाजूचं पुढचं दार उघडं ठेवून बाहेर पडेल. वारा तिरका गाडीभर गेला पाहिजे. चारही दारं उघडी टाकली तर तो वरच्या वर निघून जातो.

एक सूचना मनापासून. कूलरच्या लोखंडी पेटीत वीज उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. तीन पिनची, अर्थिंग असलेली जोडणी हवी, घरात गळती ओळखून बंद होणारा ब्रेकर असेल तर त्याच लाईनवर लावा, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा, कूलर हलवताना प्लग काढा. अनवाणी, ओल्या हाताने शिवू नका. पावसाची सर आली की आधी स्विच, मग कूलर.

पाऊस चालू असेल आणि छप्पर नसेल तर दुसरा मार्ग गाडीच्याच एसीचा. एसी हवेतलं पाणी कॉईलवर जमवून गाडीखाली टाकतो, म्हणजे तो सुकवणीचं यंत्रच आहे. एसी चालू, तापमान पूर्ण गरमवर, पंखा मोठा, हवा पायाकडे, काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरणारं बटण दाबलेलं. पहिली दहा मिनिटं काचा थोड्या उघड्या ठेवा, वाफ निघून जाऊ द्या, मग बंद करा. अर्ध्या तासाने गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं पाहिजे. ते पाणी तुमच्या फोममधून आलेलं असतं. यासाठी बॅटरी जोडलेली, सगळे पिवळे कनेक्टर लागलेले आणि सीट बोल्टने घट्ट बसवलेल्या हव्यात, कार्पेटची कड तेवढी ठोकळ्यावर उचललेली राहू द्या. ड्रायव्हरच्या पायाशी मात्र ठोकळा नको, तो पेडलखाली जाईल. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे मुळीच करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. उभं राहून डिझेल-पेट्रोल जाळण्यापेक्षा रिंग रोडला एक चक्कर मारणं बरं. एसीचीच नळी तुंबलेली असेल तर ती आधी मोकळी करा, नाहीतर ओढलेलं पाणी परत कार्पेटवर.

ऊन पडलं तर? काचा बंद करून गाडी उन्हात तापवली की आत पाण्याची वाफ होते, पण ती जाईल कुठे? रात्री तीच काचेवर आणि छताच्या कापडावर बसते आणि बुरशी वर चढते. म्हणून तासभर बंद तापवा, मग दारं उघडून पंधरा मिनिटं कूलर मारा, पुन्हा बंद. दिवसातून पाच-सहा फेऱ्या. संध्याकाळी हवा दमट होऊ लागली की काचा लावून टाका, रात्रभर उघड्या ठेवल्या तर फोम बाहेरची ओल पुन्हा पितो.

सिलिका जेलच्या पुड्या, मिठाचे वाडगे, तांदूळ यांच्यावर लोकांचा फार विश्वास. अर्धा किलो चांगलं सिलिका जेल फार तर दीड-दोनशे ग्रॅम पाणी शोषतं. फोममध्ये ३ लिटर आहे. शेवटची दमट हवा कोरडी ठेवायला ते चांगलं, सुकवायला नाही. ड्रायर किंवा हॅलोजन लावून फोम भाजू नका, तो ठिसूळ होतो आणि आग लागण्याचा धोका असतो.

सीट भिजली असेल तर बाहेर काढून सावलीच्या कडेला, पाठ खाली करून तिरकी ठेवा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून कपड्याचा चिमटा लावा म्हणजे तो आत ओला गुंडाळला जाणार नाही. या एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि वास तिथूनच येत राहतो.

किती दिवस? आमच्या गाडीला कार्पेट उचलून, कूलर लावून ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तीन दिवस लागले. शेजाऱ्यांच्या गाडीला ऑगस्टमध्ये सात.

सुकलं कसं ओळखायचं

हाताला थंड लागलं तर ओलं आहे, एवढं ढोबळ कळतं, पण भरवसा ठेवू नका. फोम सुटा असेल तर रोज संध्याकाळी वजन करा. भाजीवाल्याच्या तराजूवर जमतं. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की तो सुकला. चिकटलेला असेल तर वर्तमानपत्राची घडी फोमखाली ठेवून वर चार-पाच किलोचं वजन ठेवा आणि तासाने बघा. कागद लुळा पडला तर आणखी एक दिवस. तिसरी खूण सकाळची: रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीच्या काचेवर आतून धुकं दिसलं तर आत कुठेतरी पाणी आहे. ऑनलाईन मिळणारा छोटा आर्द्रता मोजणारा मीटर असेल तर तो एक रात्र बंद गाडीत आणि एक रात्र घरात ठेवून आकडे ताडा.

वास आणि बुरशी

वास येतो तो पाण्याचा नव्हे, बुरशी आणि जिवाणूंचा. अत्तर, कापूर, लिंबाची फोड यांनी तो दोन दिवस दबतो. काळे-हिरवे ठिपके दिसले तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, दारं उघडी ठेवून काम करा. दमा असलेल्याने हे दुसऱ्याकडून करवून घ्यावं. प्लास्टिक आणि पत्र्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याने लावा. ते पेट घेतं, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको आणि पंख्याचं बटण त्या वेळी लावू-काढू नका. कार्पेटवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून हलका फवारा, मऊ ब्रश, मग पुन्हा व्हॅक्युम. ब्लीच वापरू नका. रंग जातो, पत्रा गंजतो आणि व्हिनेगरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. सगळं पूर्ण कोरडं झाल्यावर खायचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, ओढून घ्या. ओल्यावर टाकला तर त्याचं पिठलं होतं आणि फोममधून निघत नाही.

एसीचा केबिन फिल्टर बदला. तो बहुतेक ग्लोव्ह बॉक्समागे असतो, आणि भिजलेला फिल्टर नव्याने सगळी गाडी वासाळ करतो.

पाणी आलं कुठून

फोम कोरडा झाला आणि कार्पेट अजून उघडं आहे, गळती शोधायला याहून चांगली वेळ नाही. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बागेच्या पाईपने, जोर न लावता पाणी सोडायचं. खालून वर चढत जायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, शेवटी छत. एका जागी चार-पाच मिनिटं. वरूनच सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं छिद्र कळत नाही. आतून पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची रेघ उमटते. दुसरी युक्ती उलटी: काचा बंद, बाहेरची हवा घेणारा ब्लोअर पूर्ण जोरात, आणि बाहेरून रबर बीडिंगवर साबणाच्या पाण्याचा ब्रश. फुगे आले तिथे फट. ब्लोअरसाठी बॅटरी जोडावी लागते, तेव्हा पिवळे कनेक्टर लागलेले आहेत ना, ते आधी बघा.

माझ्या अनुभवात पहिला संशयित वायपरखालची जाळी. कडुनिंबाखाली उभ्या गाडीत फेब्रुवारी-मार्चची पानगळ आणि जून-जुलैच्या निंबोळ्या तिथे साचून पाणी बाहेर जायची भोकं बुजतात. पाणी चढतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत येतं. आमच्या गाडीत तेच निघालं. दोन मुठी काळा चिखल होता, त्यात कोंब फुटलेली एक निंबोळी. दुसरा संशयित दार: आतल्या पॅनलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, स्पीकर बसवताना तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही की काचेवरून दारात उतरलेलं पाणी आत येतं. दाराच्या खालच्या कडेची भोकंही काडीने मोकळी करा. तिसरा, बाहेरचे दिवे किंवा हॉर्न बसवताना इंजिनाकडच्या पत्र्याच्या रबरी बुचातून ओढलेली वायर. डिक्कीत पाणी असेल तर टेललाईटचं गॅस्केट बघा.

सनरूफ असेल तर चार कोपऱ्यांतल्या नळ्या तपासा. कपभर पाणी कोपऱ्यात सोडा, ते गाडीखाली उतरलं पाहिजे. तुंबली असेल तर गवत कापायच्या मशीनचा जाड नायलॉन दोरा हळू आत सरकवा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने फुंकू नका, आत नळी निसटली तर छताचं कापड उतरवावं लागतं. एसीच्या नळीचं तोंड मात्र खालून मऊ वायरने मोकळं करता येतं.

परत जोडताना

पत्र्यावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, सुकल्यावर प्रायमर आणि रंग. पत्र्याला भोक पडलं असेल तर डेंटरचं काम. जमिनीतली रबरी बुचं जागेवर आहेत ना, ते बघा. सीट बसवताना आधी सगळे कनेक्टर टक आवाज येईपर्यंत लावा, मग चारही बोल्ट हाताने दोन-दोन आटे फिरवून नंतर पान्याने आवळा, शक्यतो टॉर्क पान्याने आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. अपघातात सीट याच चार बोल्टांवर टिकते, इथे अंदाज नको. बॅटरीचं टोक सगळ्यात शेवटी. चावी फिरवून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते पहा. विझला नाही तर गाडी वर्कशॉपला दाखवूनच वापरा.

उंबऱ्याच्या पट्ट्या लगेच ठोकून बसवू नका. मी कार्पेटच्या कडेखाली वर्तमानपत्राची एक घडी ठेवते आणि पुढची झड येऊन जाईपर्यंत तशीच राहू देते. झड थांबली की घडी काढून बघते. कडक कुरकुरीत निघाली तरच पट्ट्या बसवते. आणि मृग लागायच्या आधी, मे अखेरीस, वायपरखालची जाळी काढून हाताने साफ करते. वीस मिनिटांचं काम आहे.